वर्धा खोऱ्यांतील कोळशाच्या खाणी आणि तेथील जलपरीक्षेचे कागद

(१)

इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत विहिरींच्या पाण्याची चर्चा यावी, हें कित्येक वाचकांस प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. सनदा, महजर, शकावल्या आणि ताम्रपट यांत रमणाऱ्या मंडळीस गंधकाम्ल आणि क्षार यांच्याशीं काय कर्तव्य, अशी शंका येणें स्वाभाविक आहे. परंतु ज्या वादांत एक पक्ष म्हणतो, "आमचें पाणी पूर्वीं गोड होतें", आणि दुसरा म्हणतो, "तें मुळापासूनच असें आहे", तो वाद दिसण्यांत रसायनशास्त्राचा असला तरी त्याचा निम्मा भाग इतिहासाचा असतो. आज पाण्यांत काय आहे हें रसायनशाळा सांगूं शकते. पूर्वीं त्यांत काय होतें हें सांगण्याचें सामर्थ्य तिच्या अंगीं नाहीं. तें कोठें सांपडलें तर कागदांतच सांपडावयाचें.

हा वाद वर्धा नदीच्या खोऱ्यांत, चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांतील कोळशाच्या खाणींच्या आसपास, गांवोगांव ऐकूं येतो. आमची नोकरी याच भागांतील एका शाळेंत झाली. त्यामुळें तो आमच्या कानांवरून पुष्कळदां गेला आहे. खाणींजवळच्या नद्यांच्या व विहिरींच्या पाण्याची परीक्षा कशी होते, त्या परीक्षेस पुराव्याचें मोल केव्हां येतें, आणि जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्यांकडे त्या कामीं कोणतें कर्तव्य येतें, याचा विचार प्रस्तुत निबंधांत करण्याचें योजिलें आहे.

(२)

प्रथम आपल्याकडील जुन्या शास्त्रकारांचें मत पाहूं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत 'दकार्गल' नांवाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. भूमीखालीं पाणी कोठें व किती खोल लागेल हें वृक्ष, वारुळें व खडक यांच्या लक्षणांवरून ओळखण्याची विद्या त्यांत सांगितली आहे. अध्यायाच्या आरंभींच ग्रंथकार एक सिद्धांत मांडतो. तो असा कीं, आकाशांतून पडणारें पाणी एकाच रंगाचें व एकाच रसाचें असतें. त्यास नाना रस व नाना वर्ण येतात ते भूमीच्या विशेषांमुळें, म्हणून पाण्याची परीक्षा भूमीच्या परीक्षेसारखीच करावी. ताम्रवर्ण वाळूमिश्रित भूमींतील पाणी तुरट, कपिल भूमींतील क्षारयुक्त, पांढुरक्या भूमींतील खारट व निळसर भूमींतील गोड, असा क्रमही त्यानें दिला आहे. पाणी गढूळ, कडवट, खारट अथवा दुर्गंधी असल्यास विहिरींत टाकावयाच्या चूर्णाचाही एक पाठ तेथें आहे. त्यांत मोथा, वाळा, आंवळा यांच्याबरोबर कतक म्हणजे निवळीचें बीं येतें.

सुश्रुताच्या सूत्रस्थानांतील द्रवद्रव्यांच्या अध्यायांत याच प्रश्नाचा ऊहापोह निराळ्या रीतीनें केलेला आढळतो. लाल, कपिल, पांडुर इत्यादि रंगांच्या भूमींत अमुक अमुक रसाचें पाणी क्रमानें असतें, असें कित्येक म्हणतात. तें बरोबर नव्हे, असें सुश्रुत स्पष्ट म्हणतो. केवळ मातीच्या रंगावरून पाण्याचा रस ठरवूं नये, भूतांचें परस्परांशीं मिश्रण कसें झालें आहे तें पाहावें, असा त्याचा अभिप्राय. पाण्याचे दोष त्यानें सहा प्रकारचे मानिले आहेत: स्पर्श, रूप, रस, गंध, वीर्य आणि विपाक यांचे. पहिले चार इंद्रियांस तत्काळ कळतात. शेवटचे दोन पाणी पोटांत गेल्यावर परिणामानेंच कळतात. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नागरिकाच्या प्रकरणीं पुण्यस्थानें, पाणवठे, देवालयें व राजवाडे यांच्या जागीं घाण करणारास एका पणापासून चढता दंड सांगितला आहे. म्हणजे भूमीच्या गुणानें पाण्यास येणारा दोष आणि माणसाच्या कृतीनें येणारा दोष, हे दोन्ही आपल्या पूर्वजांस ठाऊक होते. पहिल्याचा विचार ज्योतिषी व वैद्य करीत आणि दुसऱ्याचा दंडाधिकारी करी. आज खाणींजवळ जो तंटा आहे तो नेमका हे दोन दोष एकमेकांपासून वेगळे कसे करावे, याचाच आहे.

(३)

चंद्रपूर शहराच्या उत्पत्तीची जी कथा परंपरेनें चालत आली आहे, तीही एका अर्थीं जलपरीक्षेचीच कथा आहे. बल्लारपूरचा गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगावर गळवें होतीं. शिकारीस गेला असतां तहान लागून तो झरपट नदीच्या कोरड्या पात्रांत आला, तेथें एका खळग्यांतील पाणी प्याला व त्यानें हातपाय धुतले. त्या रात्रीं त्यास गाढ झोंप लागली व सकाळीं पाहतो तों गळवें नाहींशीं झालेलीं. राणीनें तो खळगा साफ करविला तेव्हां खडकांत गाईच्या पांच पावलांचे ठसे पाण्यानें भरलेले दिसले. तें पाणी उपसलें तरी आटेना. याच ठिकाणीं पुढें अचलेश्वराचें देवालय झालें व जवळच शहर वसलें, अशी ही आख्यायिका आहे. मेजर लूसी स्मिथ यानें चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीच्या अहवालांत ती नोंदवून ठेविली. त्या अहवालाचें साल १८६९.

या कथेवरून पंधराव्या शतकांत झरपटेचें पाणी औषधी होतें असें कोणी म्हणूं लागल्यास तें हास्यास्पद ठरेल. परंतु कथा सर्वस्वीं निरुपयोगी आहे असेंही नव्हे. भर उन्हाळ्यांत नदीचें पात्र कोरडें पडत असे आणि खडकांतून झिरपणारें पाणी तेवढें टिकत असे, ही स्थिति कथा सांगणारांस परिचित होती, इतकें त्यावरून निःसंशय म्हणतां येतें. पुराव्यांतून जेवढें निघतें तेवढेंच काढावें, अधिक काढूं नये व कमीही काढूं नये, हा आपल्या शास्त्राचा नियम पाण्याच्या पुराव्यासही तसाच लागू आहे.

(४)

आतां कोळशाकडे वळूं. १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झाल्यावर चांदा जिल्हा इंग्रजांकडे गेला. वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड प्रांत मात्र निजामाकडून १८५३ च्या तहानें इंग्रजांच्या व्यवस्थेखालीं आलेला होता. हे दोन्ही प्रांत एका कारभाराखालीं आले ते १९०३ सालीं. म्हणजे कोळशाचा शोध लागून खाणी सुरू झाल्या त्या पन्नास वर्षांत वर्धा नदी ही दोन प्रांतांची सीमा होती. पूर्वतीरीं मालगुजारी पद्धति, पश्चिमतीरीं मुंबईच्या धर्तीची रयतवारी. पूर्वतीरीं गांवचे वहिवाटीचे हक्क वाजिब-उल-अर्जांत लिहिलेले, पश्चिमतीरीं त्यांची नोंद मोजणीखात्याच्या कागदांत. एकाच नदीच्या दोन कांठांच्या पाणवठ्यांची माहिती अशा रीतीनें दोन निराळ्या दप्तरांत विखुरली आहे. या गोष्टीकडे संशोधकांचें जावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं.

भूस्तरशास्त्रखात्यांतील ह्यूज या गृहस्थाचा वर्धा खोऱ्यांतील कोळशाच्या क्षेत्राविषयींचा विस्तृत ग्रंथ १८७७ सालीं प्रसिद्ध झाला. वरोड्यास सरकारी खाण चालूं झाली. वर्ध्याहून वरोड्यापर्यंत लोहमार्ग नेला तो मुख्यतः तिच्या कोळशासाठीं. ती खाण १९०६ सालीं बंद पडली व त्यानंतर बल्लारपूरच्या खाणीस महत्त्व आलें. पुढें घुगुस, माजरी, राजूर येथें खाणी झाल्या. १९७३ सालीं या खाणींचें राष्ट्रीयीकरण झालें, व १९७५ पासून खोऱ्यांतील बहुतेक खाणी नागपूर येथें कचेरी असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीकडे आहेत. पूर्वीं कोळसा बहुधा भुयारांतून काढीत. आतां तो मुख्यतः उघड्या खाणींतून, वरची सर्व भूमि खणून बाजूस टाकून, काढतात. पाण्याच्या दृष्टीनें हा फरक फार मोठा आहे.

येथील कोळसा ज्या थरांत आहे त्यांस बाराकर थर म्हणतात. त्यांवर बऱ्याच ठिकाणीं कामठी नांवाचा वालुकाश्म आहे. हें नांव नागपुराजवळच्या कामठीवरून पडलें. हा वालुकाश्म सच्छिद्र असल्यामुळें त्यांत पाणी उत्तम सांठतें, आणि लोहयुक्त असल्यामुळें कांहीं ठिकाणीं पाण्यास तांबूस झांक येते. वराहमिहिराची तांबडी भूमि व तुरट पाणी यांची आठवण येथें कोणास झाली तर नवल नाहीं. कोळसा काढावयाचा म्हणजे याच जलधारी खडकाचा छेद करावा लागतो, हें मुख्य संकट आहे.

(५)

खाणीचे पाण्यावर परिणाम मुख्यतः चार प्रकारचे होतात. पहिला पातळीचा. खाणींत झिरपणारें पाणी अहोरात्र उपसून बाहेर टाकावें लागतें. त्यामुळें सभोंवारच्या भूजलाची पातळी खाणीकडे उतरती होते व जवळच्या विहिरी खोल जातात. दुसरा रसायनाचा. कोळशांत व त्याच्या लगतच्या खडकांत लोह व गंधक यांचें संयुग असतें. त्यास हवा व पाणी लागलें म्हणजे गंधकाम्ल उत्पन्न होतें व लोह विरघळतें. जेथें खडकांत चुन्याचा अंश पुरेसा असतो तेथें हें आम्ल मारलें जातें. परंतु त्याच्या जागीं सल्फेट व पाण्याचा जडपणा हीं मागें राहतात. म्हणून पीएच नांवाचा आम्लतेचा अंक समाधानकारक दिसला एवढ्यावरून पाण्यास कांहीं झालें नाहीं असें समजणें चुकीचें होय. तिसरा गाळाचा. बाजूस रचलेल्या माती-दगडांच्या डोंगरांवरून पावसाळ्यांत गाळ वाहून ओढ्यांत व नदींत जातो. चवथा सुरुंगाच्या दारूचा व यंत्रांच्या तेलाचा. दारूंतील अमोनियम नायट्रेटामुळें पाण्यांत नायट्रेट वाढूं शकतें. मात्र नायट्रेट शेतांतील खतांतून व गोठ्यांतूनही येतें, हेंही विसरतां कामा नये.

ही तक्रार आपल्या देशापुरती किंवा आपल्या काळापुरती नाहीं. जर्मन पंडित आग्रिकोला याचा खाणविद्येवरील लॅटिन ग्रंथ १५५६ सालीं छापला गेला. खाणींचे विरोधक काय म्हणतात तें सांगतांना त्यानें लिहिलें आहे कीं, धातूंचे दगड धुतलेलें पाणी ओढ्यांस विषारी करतें व त्यांतील मासे मरतात किंवा निघून जातात. ग्रंथकार स्वतः खाणींचा पुरस्कर्ता असल्यामुळें ही साक्ष विशेष मोलाची ठरते. इंग्लंडांत १८६८ सालीं नद्यांच्या दूषणाच्या चौकशीसाठीं आयोग नेमला गेला; त्यावर एडवर्ड फ्रँकलंड हा रसायनशास्त्रज्ञ होता, व १८७६ सालीं त्या देशांत नद्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. त्याच सुमारास त्याच सरकारच्या अंमलाखालीं वरोड्यास कोळसा निघत होता, हा योगायोग ध्यानांत घेण्यासारखा आहे.

महाराष्ट्रांत जलप्रदूषणाच्या निवारणाचा पहिला कायदा १९६९ सालचा, व त्यान्वयें मंडळ स्थापन झालें १९७० सालीं. केंद्राचा कायदा १९७४ चा. खाणींतून बाहेर सोडावयाच्या पाण्याचीं मानें केंद्र सरकारनें २००० सालीं ठरवून दिलीं: पीएच ५.५ ते ९. ओढ्यांत सोडावयाच्या पाण्यांत तरंगता गाळ लिटरांत १०० मिलिग्रॅमपर्यंत. तेल १० मिलिग्रॅमपर्यंत. नायट्रेटरूप नत्र १० मिलिग्रॅमपर्यंत. पिण्याच्या पाण्याचें भारतीय मानक याहून पुष्कळ कडक आहे. त्यांत पीएच ६.५ ते ८.५, विद्राव्य क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत इष्ट व दुसरा जलस्रोत नसल्यास २००० पर्यंत चालतात, सल्फेट २०० व ४००, जडपणा २०० व ६००, फ्लोराइड १ व १.५. हे दोन कोष्टक वेगळे आहेत. खाणीचें पाणी 'मानकांत बसतें' असें वाक्य अहवालांत आलें म्हणजे तें कोणत्या मानकांत, हें विचारलेंच पाहिजे.

(६)

आतां परीक्षेच्या रीतीविषयीं. आमच्या मतें पाण्याचा नमुना हा एक दस्तऐवज आहे, आणि त्याची छाननी दस्तऐवजाप्रमाणेंच केली पाहिजे. पत्र अस्सल आहे कीं नाहीं हें पाहतांना आपण चार गोष्टी विचारतों: कोणी लिहिलें, केव्हां लिहिलें, कोठून आलें व मध्यें कोणाच्या हातांत होतें. बाटलीविषयींही हेच प्रश्न आहेत. विहीर कोणती, तारीख व वेळ कोणती, बाटली कोणी भरली, रसायनशाळेंत पोंचेपर्यंत ती कोणाच्या ताब्यांत होती, हें लिहिलेलें नसेल तर आंकडे कितीही सूक्ष्म असोत, तो कागद बेवारशी समजावा.

दुसरें असें कीं, पाणी हा कागदाहून चंचल पदार्थ आहे. उष्णमान व पीएच जागेवरच पाहावे लागतात. थोड्या वेळांत ते पालटतात. धातूंच्या परीक्षेसाठीं बाटलींत नत्राम्लाचे थेंब घालतात, न घातल्यास लोह तळाशीं बसून परीक्षेंत कमी दिसतें. बाकी नमुने बर्फांत ठेवून नेतात. बोअरच्या नळींत सांचून राहिलेलें पाणी आधीं उपसून टाकावें व मग नवें आलेलें घ्यावें. या रीती पाळल्या नाहींत तर नकलकाराच्या प्रमादासारखे प्रमाद शिरतात, आणि ते नंतर शोधून काढणें दुर्घट होतें.

आंकडे खरे आहेत कीं नाहींत हें आंतल्या आंत पाहण्याचीही एक कसोटी आहे. पाण्यांतील धनभाराच्या व ऋणभाराच्या कणांची बेरीज सारखी यावयास पाहिजे. जमाखर्चाच्या वहींत जमा व खर्च यांचा मेळ बसावा तसाच हा मेळ आहे. त्यांत शेंकडा पांचाहून अधिक तफावत पडल्यास परीक्षा पुन्हां करावी असा संकेत आहे. पेशवे दप्तरांतील हिशेब ज्यांनीं तपासले आहेत त्यांस ही कसोटी परकी वाटणार नाहीं.

नदीच्या बाबतींत एकच नमुना घेऊन कांहीं ठरत नाहीं. खाणीचा ओढा जेथें मिळतो त्याच्या वरचा व खालचा असे दोन नमुने एकाच दिवशीं घ्यावे लागतात. वर्धेच्या व तिला मिळणाऱ्या इरईच्या कांठीं केवळ खाणी नाहींत. वीजकेंद्र आहे, सिमेंटचे कारखाने आहेत, कागदाचा कारखाना आहे व शहराचें सांडपाणी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २००९ सालीं जी पाहणी केली तींत चंद्रपूरची गणना देशांतील अतिप्रदूषित क्षेत्रांत झाली. परंतु एकंदर दोष मोठा आहे हें कळलें म्हणून त्यांतील कोणाचा वांटा किती हें आपोआप कळत नाहीं. त्यासाठीं जागोजागचे, ऋतूऋतूचे व वर्षानुवर्षांचे नमुने लागतात.

(७)

येथें आमच्या अनुभवांतील एक उदाहरण देतों. आम्ही ज्या शाळेंत १९८४ पासून शिकविलें तेथें आमच्या पूर्वीच्या विज्ञानशिक्षकांनीं १९७८ सालीं एक वही घातली होती. शाळेच्या विहिरीचें पाणी दर महिन्यास दोर सोडून मोजावें व मुलांकडून लिहवून घ्यावें, असा त्यांचा प्रघात होता. वहींत रकाने चार: महिना, पाणी किती हातांवर, चव, आणि डाळ. हा शेवटचा रकाना पाहून आम्हांस प्रथम हंसूं आलें. परंतु त्याचें मर्म पुढें कळलें. जड पाण्यांत तुरीची डाळ लौकर शिजत नाहीं, हें आपल्या घरांतील प्रत्येक बाईस ठाऊक आहे. शाळेच्या आवारांत राहणाऱ्या शिपायाच्या घरीं विचारून मुलें त्या रकान्यांत 'शिजते', 'उशिरां शिजते' किंवा 'शिजत नाहीं' असें लिहीत. ते शिक्षक निवृत्त झाल्यावर आम्हीं ती वही चालविली.

१९९१ सालीं गांवाच्या पूर्वेस उघडी खाण सुरू झाली. त्यानंतरच्या चारपांच वर्षांत वहींतील हातांचे आंकडे वाढत गेले. उन्हाळ्यांतील 'शिजते' हा शब्द 'उशिरां शिजते' असा झाला, व शेवटीं 'शिजत नाहीं' असा. चवीच्या रकान्यांत 'कडसर' असा शब्द आला. १९९६ च्या वैशाखांत विहीर आटली आणि वही तेथेंच संपली. गांवानें बोअर पाडून त्याचें पाणी प्यावयास सुरुवात केली. पुढें कांहीं वर्षांनीं लहान मुलांच्या दांतांवर पिवळे-तपकिरी डाग दिसूं लागले व बोअरच्या पाण्यांत फ्लोराइड मर्यादेपेक्षां अधिक निघालें. ग्रामस्थांनीं अर्ज केला. उत्तर आलें कीं, या भागांत फ्लोराइड नैसर्गिक आहे. खाणीचा संबंध नाहीं.

त्या प्रसंगीं एका बैठकींत आम्हीं ती वही पुढें ठेविली. एका अधिकाऱ्यानें विचारलें, "ही वही प्रमाणित कोणी केली?" प्रश्नांत उपहास असावा असें आम्हांस वाटलें. परंतु घरीं आल्यावर विचार करितां प्रश्न योग्यच आहे असें ठरलें. आपण स्वतः कोणताही अप्रमाणित कागद असाच परत केला असता.

तेव्हां वहीची छाननी आम्ही येथें करितों. अस्सलपणाचा पहिला पुरावा तिच्यांतील रिकाम्या जागा. दर वर्षीं दिवाळीच्या सुटींत व मे महिन्यांत पुष्कळदां नोंद नाहीं. मागाहून रचलेल्या वहींत अशीं छिद्रें कोणी ठेवीत नसतो. दुसरा पुरावा हस्ताक्षरांचा. दर वर्षीं अक्षर पालटतें, कारण मुलें पालटत. तिसरा असा कीं, पावसाळ्यानंतर पाणी वर व उन्हाळ्यांत खालीं, हा क्रम अठरा वर्षें अबाधित आहे. सबब वही अस्सल आहे, असें आमचें मत आहे.

आतां तिच्यावरून काय सिद्ध होतें? खाण सुरू झाल्यावर विहिरीची पातळी उतरली व पाण्याचा जडपणा वाढला, इतकें सिद्ध होतें. खाणीमुळेंच तसें झालें हें तिच्या एकटीच्या बळावर सिद्ध होत नाहीं. कारण त्याच वर्षांत कपाशीच्या शेतांत विजेचे पंपही वाढले होते. फ्लोराइडविषयीं तर वही मूकच आहे. फ्लोराइडास रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. सुश्रुताच्या भाषेंत बोलावयाचें तर हा इंद्रियांस कळणारा दोष नव्हे. तो परिणामानेंच कळतो, आणि कळतो तेव्हां मुलांचे दांत बिघडून गेलेले असतात.

परंतु वहीवरून आणखी एक गोष्ट निघते, जिच्याकडे उभय पक्षांचें दुर्लक्ष झालें होतें. चंद्रपूर व यवतमाळ या जिल्ह्यांत कांहीं विहिरींत व बोअरांत फ्लोराइड निसर्गतःच अधिक आहे, हें भूजलखात्यांचे अहवाल सांगतात व तें खरें आहे. तें खडकांतील खनिजांतून येतें. खोल व दीर्घकाळ खडकांत राहिलेल्या पाण्यांत तें सामान्यतः अधिक असतें. गांव उथळ विहिरीचें पाणी पीत होतें तोंवर त्याचा या खोल पाण्याशीं संबंध नव्हता. विहीर आटली म्हणून गांव खोल पाण्याकडे वळलें. तेव्हां फ्लोराइड नैसर्गिक आहे हें उत्तर खरें असूनही पुरें नव्हतें. विहीर कां आटली, हा खरा प्रश्न होता, आणि तो कोणी विचारलाच नाहीं. आम्हींही त्या बैठकींत तो विचारला नाहीं, कारण तोंवर आम्हीं वही चवीच्या व डाळीच्या रकान्यांसाठींच वाचली होती. हातांच्या रकान्याकडे आमचें लक्ष गेलें नव्हतें. हा आमचा दोष आम्ही येथें नमूद करून ठेवितों.

(८)

ग्रंथसंपादन करणारांस मूळ प्रतीचें महत्त्व सांगावयास नको. पाठ भ्रष्ट झाला आहे असें म्हणावयाचें तर भ्रष्ट होण्यापूर्वींची एखादी तरी प्रत हातीं लागावी लागते. खाणीच्या पाण्याविषयीं तीच गोष्ट. खाण खणण्यापूर्वींच्या पाण्याची परीक्षा ही त्या वादांतील मूळ प्रत होय. नव्या प्रकल्पापूर्वीं अशी पाहणी करण्याचें बंधन अधिसूचनेनें घातलें गेलें तें १९९४ सालीं. २००६ सालीं तिच्या जागीं नवी अधिसूचना आली. खोऱ्यांतील पुष्कळ खाणी त्याच्या आधींच्या आहेत. नंतरच्या खाणींविषयींही जी पाहणी होते ती बहुधा एकाच ऋतूची असते. आणि आमच्या शाळेची वही जर कांहीं शिकविते तर हेंच कीं, एका ऋतूचें पाणी म्हणजे वर्षाचें पाणी नव्हे.

आतां झालेलें तर परत येत नाहीं. परंतु मूळ प्रत हरवली असतां आपण काय करितों? इतर ग्रंथांतील अवतरणें, टीकाकारांचे उल्लेख, जुनीं भाषांतरें यांवरून पाठ शक्य तितका पुन्हां उभारतों. येथेंही तसेंच करतां येण्यासारखें आहे. केंद्रीय भूजल मंडळ व राज्याचें भूजल सर्वेक्षण खातें निरीक्षणविहिरींची पातळी वर्षांतून चार वेळां मोजतें. राज्याचें खातें १९७२ च्या सुमारापासून हें काम करीत आहे. त्याच्याही मागें जावयाचें तर जमाबंदीचे अहवाल, वाजिब-उल-अर्ज, निस्तारपत्रकें, विहिरींच्या थरोळ्यांवरील शिलालेख, देवालयांच्या कुंडांच्या खर्चाच्या वह्या, रेल्वेच्या स्थानकांवरील विहिरींचे कागद, जुन्या खाणींच्या उपशाच्या नोंदी, हीं साधनें आहेत. यांपैकीं एकही कागद एकटा निर्णायक नाहीं. परंतु दहा कागद एका विहिरीविषयीं एकच गोष्ट सांगूं लागले म्हणजे त्यांचा अवमान करणें कोणत्याही न्यायासनास जड जाईल.

म्हणून वर्धा खोऱ्यांत अथवा तत्संबंधीं दप्तर ज्यांच्या संग्रहीं आहे अशा वाचकांस आमची विनंती आहे. वतनाच्या तंट्याचे व लढायांच्या हकीकतीचे कागद वेगळे काढतांना विहीर, तलाव, घाट, पाणवठा हे शब्द ज्यांत आले आहेत ते क्षुल्लक म्हणून गठ्ठ्याच्या तळाशीं टाकूं नयेत. त्यांची निराळी यादी करावी. तसेंच आजच्या परीक्षेचे अहवाल, कोणत्याही पक्षाचे असोत, त्यांच्या प्रती तारखेसह जतन कराव्या. शंभर वर्षांनीं कोणी आपल्यासारखाच संशोधक या खोऱ्यांतील पाण्याचा इतिहास लिहावयास बसेल, तेव्हां आजचा हा रुक्ष कोष्टकाचा कागद त्यास एखाद्या शकावलीइतकाच मोलाचा वाटेल.

शाळेची ती वही आम्हीं जीर्ण झालेल्या पुठ्ठ्यासह नीट बांधून ठेविली आहे, व तिच्या दोन नकला करून त्यांपैकीं एक गांवच्या ग्रंथालयांत दिली आहे. मूळ वही पाहावयाची असल्यास कोणाही जिज्ञासूस आमच्याकडे पाहावयास मिळेल. आमच्या अनुमानांत कोणास दोष दिसल्यास त्यानें तो अवश्य दाखवावा; वादापेक्षां निर्णय आम्हांस अधिक प्रिय आहे.